मामांची सलामी आणि दोन टर्बो

लग्न होऊन वरवंडजवळच्या वस्तीवर आले, त्याच्या दुसऱ्याच वर्षी मी सासऱ्यांशी वाद घातला आणि जिंकलेसुद्धा. वाद दागिन्यांचा नव्हता, माहेरी जाण्याचा नव्हता. वाद होता गाडीच्या इंजिनाचा. आमच्यात सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांपुढे मोठ्याने बोलायची वस्तीवर कोणाची टाप नव्हती, माझ्या नवऱ्याची तर नव्हतीच. पण इंजिनाचा विषय निघाला की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही.

मामांचे वडील मेंढरं राखायचे. मामांनी मेंढरं सोडली, कालव्याच्या पाण्यावर झेंडू आणि मेथी-कोथिंबीर लावली, आणि आपला माल आपणच न्यावा म्हणून ट्रक घेतला. तो ते स्वतः चालवायचे. वस्तीवरचा माल वाशीच्या मार्केटला टाकायचा आणि येताना रांजणगावच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी भरती घेऊन यायचं, हा त्यांचा ठरलेला फेरा. ट्रकने पुष्कळ वर्षं साथ दिली आणि एका उन्हाळ्यात भरलेल्या अंगाने खंडाळ्याचा घाट चढताना त्याने मान टाकली ती टाकलीच. नवी गाडी घेणं भाग होतं. नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस होते ते. हायवेवर टर्बोच्या गाड्या नुकत्याच दिसायला लागल्या होत्या.

मामांच्या मनात दोन गाड्या होत्या. एक साध्या इंजिनाची, दुसरी तेवढ्याच इंजिनाची पण टर्बो लावलेली.

"टर्बो म्हंजी काय, तर इंजिनात हवा दाबायचा पंखा," चुलीपुढे बसून भाकरी खाता खाता मामा माझ्या नवऱ्याला सांगत होते. "जास्ती हवा गेली की जास्ती डिझेल जळणार, जास्ती ताकद येणार. व्हय, पटलं. पर त्यो पंखा फिरवायला ताकद कुठनं आणायची? इंजिनातनंच ना? म्हंजी ह्या हातानं द्यायचं आन् त्या हातानं काढून घ्यायचं. असला कारभार न्हाई पायजे. साधी गाडी घिऊ."

प्रश्न इतका नेमका होता की मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून वळले. कारण अगदी हाच प्रश्न घेऊन मी एकदा भर वर्गात भांडले होते.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, वडगाव रासाईचं. भीमेचं पाणी उपसायला वडिलांकडे एक डिझेल इंजिन होतं. ते रुसलं की वडील आधी त्याला शिव्या द्यायचे आणि मग मला हाक मारायचे. दहावीनंतर मी हट्टाने आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड घेतला. वर्गात मी एकटी मुलगी. पोरं पहिले दोन महिने हसली, मग इंजिन उघडायची वेळ आली तशी माझी वही मागायला लागली.

वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुनं, कापून आतलं दाखवणारं इंजिन होतं. त्याच्या कुशीला एक पेटी बसवलेली आणि पेटीत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन लोखंडी तुकडे एकमेकांत गुंतून फिरणारे. सर म्हणाले, "हा सुपरचार्जर. इंजिनाचा मुख्य दांडा, क्रँक, गिअरमधून ह्याला फिरवतो. काही इंजिनांत पट्टा असतो. क्रँक फिरला की हा फिरलाच, पाय दिला की हवा तयार. प्रामाणिक गडी आहे, पण जेवतो मालकाच्याच ताटातलं." मग त्यांनी टेबलावरचा एक टर्बो उचलला. एकाच बारीक दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटे पंखे. ना गिअर, ना पट्टा. "ह्याला सायलेंसरकडे जाणारा धूर फिरवतो. धूर ह्या पंख्यावर आदळतो, दांडा फिरतो, पलीकडचा पंखा इंजिनात हवा दाबतो."

"सर, फुकट असं काही नसतं," मी म्हणाले.

सरांनी बाकावरचं इंजिन चालू केलं आणि मला धुराच्या नळीपासून वीतभर लांब तळवा धरायला लावला. मी चटकन हात मागे घेतला. सरांनी विचारलं, "हा चटका कशाचा?" मी म्हणाले, डिझेलचा. "मग ह्याचं तू करतेस काय?" काहीच नाही, वाऱ्यावर जातो. "डिझेल जळून जी उष्णता होते तिचा जवळजवळ तिसरा वाटा असाच वाऱ्यावर जातो. जाता जाता त्याच्याकडून थोडं काम करून घेतलं, तर तुझ्या पोटात का दुखतं?" सगळा वर्ग हसला. अगदीच फुकट नाही, हेही सरांनी नंतर कबूल केलं. धुराच्या वाटेत पंखा आडवा येतो, त्यामुळे इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जरा जोर लागतो. शिवाय आधी धूर, मग पंखा, मग हवा, असा क्रम असल्यामुळे पाय दिल्यावर क्षणभर थांबावं लागतं. सुपरचार्जरला तसं थांबणं माहीत नाही. पण एवढं सोसूनही हिशेब टर्बोच्याच बाजूने सुटतो. मला दोन दिवस सरांचा राग आला होता, कारण ते बरोबर होते.

तर हे सगळं मी चुलीपुढे मामांना सांगायला गेले आणि पार घसरले. दांडा, पंखा, दाब, उष्णता. मामांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा झाला. तेवढ्यात आत्यांनी वैलावरचं दूध उतरवलं, आणि मला एकदम वाट दिसली. वैल म्हणजे चुलीला जोडून केलेलं दुसरं तोंड. चुलीतला जाळ तव्याखालचं काम करून पुढे सरकतो आणि जाता जाता वैलावरचं भांडं तापवतो.

"मामा," मी म्हणाले, "आत्ता भाकरी चुलीवर झाली आणि दूध वैलावर तापलं. दुधाला वेगळं सरपण घातलं का कोणी?"

"न्हाई."

"हा टर्बो. आणि दुधासाठी दुसरी चूल पेटवली असती, ह्याच ढिगातलं सरपण घालून, तर तो सुपरचार्जर. तुम्ही जे ह्या हातानं त्या हातानं म्हणताय ते त्याचं. टर्बोचं नाही."

मामा काही बोलायच्या आत आत्या हसल्या. "एवढंच व्हय? मग त्यात न कळण्यासारखं काय हाय? वैल नसल्याली चूल कोन घालतं?"

मामांनी भाकरी संपवली, हात धुतले आणि "वैल हाय तर," एवढंच म्हणून उठून गेले. पुढच्या आठवड्यात टर्बोची गाडी दारात आली.

माझा तोरा काय विचारता! वस्तीवर बातमी फिरली, सुनेच्या शब्दावर गाडी घेतली. आमच्याकडे सुनेच्या शब्दावर डाळीत मीठसुद्धा पडत नव्हतं त्या काळी. पहिल्या फेऱ्याहून मामा परत आले, तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन मुद्दाम पुढे गेले. ते बोलणारे नव्हते. तरी म्हणाले, "घाटात पाय दिला की जरा इचार करतंय. आन् मग उचलून न्हेतंय." जुना ट्रक जिथे कण्हत चढायचा तिथे ही गाडी भरलेली असून एक गिअर वर राहून चढली होती. मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हसत होते, असं नवरा अजून सांगतो.

चार महिन्यांनी टर्बो गेला.

मागून निळा धूर, इंजिनातून घासल्याचा आवाज, घाटात दम नाही. हायवेवरच्या मिस्त्रीने तो बदलला आणि म्हणाला, नाजूक माल आहे, धूळ खातो. मला ते पटलं नाही. मला वाटलं, ह्यानेच हलकं ऑइल घातलं असणार. मी तरातरा त्याच्या गॅरेजवर गेले आणि चार ड्रायव्हरांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. त्याने शांतपणे सीलबंद डबा दाखवला, नवा फिल्टर दाखवला, ऑइल बोटावर घेऊन माझ्या बोटावर लावलं. उत्तम ऑइल होतं. "आयटीआयवाल्या वहिनी, पुस्तकातला टर्बो आन् रस्त्यावरचा टर्बो येगळा असतोय," तो म्हणाला. ड्रायव्हर हसले. मी तोंडघशी पडून घरी आले.

आणखी काही महिन्यांनी दुसरा टर्बो गेला. तसाच निळा धूर, तसंच घासणं.

आता मिस्त्रीने मामांना सल्ला दिला की टर्बो काढून टाका, तोंडं बंद करून देतो, साधी गाडी समजून चालवा. वस्तीवर पारावर बसणाऱ्यांना तर विषयच मिळाला. "सुनंचं ऐकून गाडी घेतली की असं व्हतंय." मी पाण्याला निघाले की हे मुद्दाम मला ऐकू जाईल अशा आवाजात. मामांना त्याहून जास्त ऐकावं लागत असणार. ते घरी आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यो तिसरा बशिवतोय. शेवटचा. ह्यो बी गेला तर काढून टाकायचा. आन् मग ह्या घरात गाडीचा शबुद तुझ्या तोंडून ऐकायला यायला नगं."

मला रडू फुटलं नाही, संताप आला. पण संतापाच्या खाली भीती होती. त्या घरात इंजिनाबद्दल बोलणारी म्हणून माझी जी काही जागा होती ती एवढ्या एका टर्बोवर येऊन टेकली होती. ती गेली असती तर मी उरले असते भाकऱ्या थापण्यापुरती.

मी मेलेला टर्बो नवऱ्याकडून घरी मागवला आणि अंगणात पोत्यावर उघडला. हवा ओढणारा पुढचा पंखा पाहिला. धूळ गेली असती तर त्याच्या कडा आधी खाल्ल्या गेल्या असत्या, पण त्या कोऱ्या करकरीत होत्या. म्हणजे मिस्त्रीची धूळ खोटी. दांडा मात्र काळाठिक्कर होता, ज्या बुशात तो फिरतो त्या बुशाला जळकं ऑइल करपलेल्या पिठल्यासारखं चिकटलं होतं. दांडा कोरडा फिरला होता. टर्बोला ऑइल नेणारी नळी मी फुंकून पाहिली, मोकळी होती. ऑइलचा दाबही बरोबर यायचा. चालू इंजिनात कोरडा पडायचं काही कारणच नव्हतं. तीन दिवस मी ते डोक्यात घेऊन फिरले, स्वयंपाकात दोनदा मीठ विसरले आणि तरी मला काही दिसलं नाही.

आणि कारण रोज दुपारी माझ्या कानांवर आदळत होतं!

आमच्या वस्तीच्या तोंडाशी बिरोबाचं देऊळ आहे. मामांचा नेम असा की फेरा करून आलं की घरी जायच्या आधी गाडी देवळापुढे उभी करायची, न्यूट्रलमध्ये टाकायची, आणि अॅक्सिलेटर तळापर्यंत दाबून तीनदा रेस मारायची. तिसऱ्या रेसला इंजिन पुरतं गरजत असताना किल्ली फिरवून एकदम बंद. मग त्या शांततेत चपला काढून देवापुढे जायचं. ह्याला मामा सलामी म्हणायचे. जुन्या ट्रकपासूनची ही रीत. त्यांचं पाहून वस्तीवरचे ट्रॅक्टरवालेही तसंच करायचे. सलामी ऐकू आली की आत्या म्हणायच्या, "आलं," आणि मी तवा चुलीवर टाकायची. तो आवाज मला देवाचा वाटायचा, घरधनी सुखरूप आल्याचा वाटायचा. इंजिनाचा आवाज म्हणून तो मी कधी ऐकलाच नव्हता. मी, जिला गाडी हायवेवरून वळली की डिझेल फवारणारा कोणता नॉझल ठोकतोय ते स्वयंपाकघरात बसून कळायचं!

तिसरा टर्बो बसवल्यानंतरच्या रविवारी आत्यांबरोबर मी नैवेद्य घेऊन देवळात होते. मामांची गाडी आली. सलामी पहिल्यांदाच मी बॉनेटपासून दोन हातांवर उभी राहून ऐकली. एक, दोन, तीन, आणि किल्ली. इंजिन थांबलं. आणि त्या शांततेत बॉनेटच्या आतून एक बारीक शीळ येत राहिली. इंजिन बंद, ऑइलचा पंप बंद, आणि टर्बो सुसाट फिरतोय! माझ्या हातातलं ताट कलंडलं. घाट चढून, शंभर कोस धावून लालबुंद झालेल्या त्या दांड्याला आम्ही रोज आणखी पळवत होतो आणि ऐन वेगात त्याचं ऑइल तोडत होतो. जुन्या इंजिनाला टर्बोच नव्हता, म्हणून त्याने ती सलामी वर्षानुवर्षं हसत सोसली.

मला लगेच बोलायला नको होतं. पण मी बोलले, तिथेच, देवळाच्या पायरीवर. "मामा, ही सलामी टर्बो मारतेय."

मामा इतके लाल झालेले मी कधी पाहिले नव्हते. "माझा बाप आठ म्हैनं कोकनात मेंढरं फिरवून यायचा. घरात पाय टाकायच्या आदी हितं ढोल वाजवायचा. मी आलो बाबा, समदी जित्राबं घिऊन आलो, म्हनून. माझ्याकडं ढोल न्हाई, इंजान हाय. त्ये बंद करू व्हय? उद्या म्हनशील भंडारा उधळू नगा, फिल्टर चोंदतोय."

"देवाला आवाज पाहिजे का गाडी जिवंत पाहिजे, ते त्यालाच विचारा," मी म्हणाले.

ते म्हणायला नको होतं. चार दिवस मामांनी मी वाढलेलं ताट घेतलं नाही, आत्यांनी वाढलं तर जेवायचे. नवरा दोघांच्या मधून मांजरासारखा वावरत होता. चौथ्या दिवशी आत्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "बोलू नगंस. त्येंला सांगितल्यालं कळत न्हाई, दावल्यालं कळतंय. दाव." मग आत जाऊन स्वतःच मामांशी काय बोलल्या देव जाणे, पण मामा रविवारी देवळापुढे उभं राहायला तयार झाले.

रविवारी सकाळी गाडी देवळापुढे लावली. बघ्यांना सांगावं लागत नाही, पार भरला. मी साडीचा पदर खोचला आणि टर्बोला हवा नेणारा रबरी पाइप काढला. आता पुढचा पंखा उघडा दिसत होता. त्याच्या तोंडावर आत्यांची गव्हाची लोखंडी चाळण तारेने आवळली, कारण तो पंखा बोट काय, पदरसुद्धा ओढून घेतो. नवऱ्याला केबिनमध्ये बसवलं. त्याला सांगितलं की किल्ली फिरवलीस की ऑइलच्या दाबाचा काटा कुठे आहे ते मोठ्याने ओरड. मामांना चाळणीपुढे उभं केलं. त्यांनी हात मागे बांधले होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते.

नवऱ्याने सलामी दिली. पहिली, दुसरी, तिसरी. पंखा दिसेनासा झाला, चाळणीमागे नुसती चकाकी राहिली. किल्ली फिरली. इंजिन गप्प.

"काटा शून्यावर!" नवरा ओरडला.

आणि चाळणीमागे चकाकी तशीच. शीळ तशीच. मी मोठ्याने मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. पारावरचे लोक पुढे सरकले. पाच, सहा, सात. शीळ उतरायला लागली, तशी त्यात एक कोरडी खरखर मिसळली. आठ, नऊ. पंख्याची पाती दिसायला लागली, डुगडुगली, थांबली. "घाटात हा मिनिटाला लाखभर फेरे घेतो," मी म्हणाले. "त्याला बेअरिंगची गोळी नाही, तो नुसता ऑइलवर तरंगतो. आत्ता एवढा वेळ तो कशावर तरंगत होता?"

मग मी नवऱ्याला पुन्हा तशीच सलामी द्यायला लावली, पण किल्लीला हात लावू दिला नाही. गाडी स्लो रेसवर चालू ठेवली आणि मामांना म्हणाले, "आता तुम्ही देवाला जाऊन या."

"गाडी चालू ठिऊन?"

"चालू ठेवून. भंडारा लावा, प्रदक्षिणा घाला, मग या."

ते गेले. त्यांची प्रदक्षिणा कधी इतकी लांब वाटली नव्हती. परत आले तसं मी नवऱ्याला हात केला, किल्ली फिरली, आणि मी "एक" म्हणून "दोन" म्हणते न म्हणते तोच पंखा गप्प उभा.

मी मामांकडे पाहिलं. मामा चाळणीवर वाकले. मग बोलले, पण माझ्याशी नाही, पंख्याशी बोलल्यासारखे. "लांबनं आल्यालं घोडं आमी लगीच बांधत नव्हतो. वझं उतरवलं तरी बांधत नव्हतो. दम खाली बसंपतूर फिरवायचो. न्हाईतर जागच्या जागी आखडून जायाचं." एवढं म्हणून त्यांनी चाळण सोडवली, झटकली आणि आत्यांकडे दिली.

पुढच्या फेऱ्यापासूनही सलामी तशीच राहिली, तीन रेसांची, पूर्वीइतकीच खणखणीत. फक्त किल्ली मागे गेली. सलामी द्यायची, गाडी संथ चालू ठेवून उतरायचं, भंडारा, प्रदक्षिणा, मग येऊन बंद करायची. घाट चढून वर चहाला थांबतानाही आधी गाडीला दम घेऊ द्यायचा. टर्बो चार महिने टिकला, आठ टिकला, वर्ष झालं. घाटात मामा पुन्हा एक गिअर वर राहून चढायला लागले. हे सगळं झालं, पण मला त्यांनी एका शब्दाने काही म्हटलं नाही. पारावरचे म्हणायचे, बिरोबाची कृपा. मिस्त्री म्हणायचा, तिसरा माल चांगला निघाला. मला राग यायचा. गाडी धावत होती आणि माझा शब्द मात्र तिथेच पडून होता, लोकांनी टाकला तिथे.

वर्षावर काही महिने गेले असतील. मी वडगावला आईकडे गेले होते. रांजणगावला भरती उतरवून येताना मामांनी मला गाडीत घेतलं आणि वाटेत ब्रेक बघून घ्यायला मिस्त्रीच्या गॅरेजवर थांबले. तिथे यवतच्या कोणाची तरी गाडी उभी होती, तशीच टर्बोची. दुसरा टर्बो गेला म्हणून आत्ताच तिसरा बसवला होता. पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत होते, त्यांतले दोघे पूर्वी माझ्यावर हसलेले. मी केबिनमधून उतरले तशी त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"आबा, तुमचं नशीब," मिस्त्री मामांना म्हणाला. "तुमचा तिसरा टिकला. दोन गेलं तवाच मी म्हनलं हुतं काढून टाका. पोरीबाळींचं ऐकून लोक फसत्यात, पर तुमचं निभावलं."

मामांनी चहाचा कप घेतला नाही. "नशीब न्हाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही, पण सगळे ऐकायला लागले. "पयलं दोन टर्बो म्या मारलं. ह्या पायानं आन् ह्या हातानं, देवाच्या दारात, रोज. सलामी म्हनून. आन् नाव गेलं हिचं. पारावर लोक हिला बोलत हुती, तवा म्या तिथंच बसलेलो, ऐकत. चूक माझी हाय म्हनून कळल्यावर बी गप बसलो. वरीस झालं गप बसून." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडी घेतल्यापासून बहुधा पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. "गाडी हिच्या शब्दावर घेतली आन् हिच्या शब्दावर चालतीया. आता काय इचारायचं ते हिला इचारा."

माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कोणी बघतंय तर बघू दे. मला नाचावंसं वाटत होतं. त्या तेलकट जमिनीवर, त्या सगळ्या ड्रायव्हरांच्या मधोमध, पदर कमरेला खोचून.

मिस्त्रीने हातातला पाना फडक्याने पुसला, जरा घुटमळला. मग यवतच्या गाडीकडे बोट करून म्हणाला, "वहिनी, हिचं काय असंल?"

मी त्या गाडीच्या ड्रायव्हरकडे वळले. "घरी गेल्यावर गाडी बंद कशी करता, तेवढं जरा करून दाखवा," मी म्हणाले. तो केबिनमध्ये चढला. मी बॉनेटला कान देऊन उभी राहिले, आणि मामा शेजारी येऊन, माझ्यासारखाच कान देऊन उभे राहिले.